बादशाचा पहिला घास

केसरीनाथ शेटनी सांगितलं होतं राखणीला कुत्रा आण, आणि पंढरीने आणला जावई.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामांत त्या वर्षी चोऱ्या वाढल्या होत्या. शेटची अपेक्षा साधी होती. काळा, दांडगा, नुसता दिसला तरी चोराने कुंपणावरून उलटी उडी मारावी असा कुत्रा हवा. कल्याणच्या पुढे एक माणूस कुत्री विकायचा, त्याच्याकडे शेटनी आपल्या भरवशाच्या सुपरवायझरला, म्हणजे पंढरीला, धाडलं. पहिल्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याच्या ओठावरून लाळेची तार लोंबत होती. दुसरा आपण ओकलेलं परत खात होता. तिसऱ्याच्या अंगाला भिजून कुजलेल्या गोणपाटाचा वास. पंढरीने नाकाला रुमाल लावला आणि पुढे सरकला. शेवटच्या पिंजऱ्यात निळ्या डोळ्यांचा, लांडग्यासारखा दिसणारा एक पांढरा-करडा गडी मांजरासारखा स्वतःचे पंजे चाटून साफ करत बसला होता. लाळ नाही, वास नाही.

"हा द्या," पंढरी म्हणाला.

"हस्की आहे हां. थंडीतला आहे."

"चालंल. स्वच्छ हाय."

भुंकतो का, हे विचारायचं राहिलंच. पोटाचं तर विचारायला सुचणार तरी कसं?

यात पंढरीचा दोष असा की तो जन्मजात किळसवाणा. म्हणजे त्याची कुणाला किळस यायची नाही. त्यालाच सगळ्या जगाची यायची. नाक्यावर चहाला गेला तर खिशातून स्वतःचा ग्लास काढायचा. लग्नात पहिल्या पंगतीला बसायचा, कारण दुसऱ्या पंगतीच्या पत्रावळीखाली पहिल्या पंगतीचं काय काय असतं ते त्याने एकदा पाहिलं होतं. बोटाला थुंकी लावून नोटा मोजणाऱ्या माणसाकडून तो पगारसुद्धा घेत नसे, टेबलावर ठेवायला लावी. दिघाशीला त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे चपला दारात नाही, फाटकाबाहेर काढायच्या. फरशी अशी की पाहुणा उभ्यानेच "निघतो" म्हणायचा. त्याची बायको करिष्मा म्हणे, "लग्न झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलले ठाऊक हाय? हात धुतलेस का."

असा हा माणूस, आणि त्याने आणलेला हा बादशा.

बादशा भुंकला नाही. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी गोदामाची जाळी कापून आत आलं, तेव्हा बादशाने त्याचं शेपूट हलवून स्वागत केलं असावं, कारण माल गेला आणि बादशाच्या गळ्यातला नवा पट्टाही गेला. पत्र्याखाली त्याला धाप लागायची, म्हणून शेटनी त्याला बंगल्यावर एसीत ठेवला. लोडशेडिंग झालं की तो दिवाणखान्याच्या फरशीवर चारी पाय पसरून पडायचा आणि येणारा-जाणारा त्याला ओलांडून जायचा.

ओलांडून जायचा, पण रिकाम्या हाताने नाही. केसरीनाथ शेटच्या ओटीवरून कुणी उपाशी गेलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. मग घरच्या कुत्र्याने का जावं? वडपे गावचा पाहुणा आला की रश्श्यात बुडवलेली भाकरी. ट्रान्सपोर्टवाला आला की बिस्किटांचा पुडा. शेजारीण बोंबील भाजत असली तर एक बादशाला. वर दुधाची वाटी, कारण एवढं गोरं कुत्रं दूध पीत नाही म्हणजे काय? आणि या सगळ्याचं बादशाच्या आत जे होत असे, ते बाहेर येताना आधी कळवत नसे.

ते काय होतं, हे पंढरीच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. पण साफ तोच करायचा. शेटचा न्याय एका ओळीचा होता: "तू आणलास, तूच बघ."

तो कापराच्या वड्या गुंडाळलेला रुमाल नाकाला बांधून, तोंड दुसरीकडे वळवून, बादलीभर फिनेल ओतायचा. सोफ्याखाली. जिन्यावर. एकदा शेटच्या पांढऱ्या बुटात. त्याच्या जेवणातून आधी वरण गेलं, मग कढी गेली, मग पिवळं म्हणून जे काही असतं ते सगळं गेलं. हमालांना तर रोजची करमणूक झाली.

"पंढरी भाय, आज कौनसा रंग?"

"हरामखोरांनो, माल उतरवा."

"अरे बताओ ना, कल तो हरा था!"

दुपारचा डबा तो न उघडताच घरी न्यायला लागला. करिष्माने एकदा हौसेने पिठलं दिलं, तर झाकण उघडल्याबरोबर तो उठून नळाकडे पळाला.

त्यात शेटच्या मुलाचं, भाविकचं लग्न ठरलं. हळद बंगल्याच्या अंगणातच होणार होती. शेटनी पंढरीला बोलावून घेतलं.

"हळदीला आख्खा तालुका येनार. तवा पाहुण्याचा पाय त्याच्यात पडला ना पंढऱ्या, तर दुसऱ्या दिवशी कुत्रा तुझ्या घरी. दिघाशीला. कायमचा."

"शेट, माझ्या घरी?"

"मग काय माझ्या व्याह्याच्या?"

पंढरीच्या डोळ्यांपुढे त्याची ती फरशी आली. मग त्या फरशीवर बादशा आला. पुढचं त्याने डोळे उघडे ठेवूनही पाहिलं नाही.

त्या दिवसापासून तो बादशाच्या पोटाच्या मागे लागला. आधी परदेशी दाण्यांचं पोतं आणलं आणि एका दिवसात सगळं जुनं बंद करून तेच घातलं. त्या रात्री जिना धुवावा लागला. मग कुणी म्हणालं दहीभात. दहीभाताने दिवाणखाना धुवावा लागला. शेवटी मोटारसायकलवरून घरी जाताना, वळच्या वेशीवर गावदेवीच्या देवळासमोर त्याने गाडी थांबवली आणि मनातल्या मनात बोलला, "आई, त्याचं घट्ट होऊ दे. तुला नारळ वाढवीन."

आणि देवीवर सोडून न देता तो भिवंडीत आल्हाद या जनावरांच्या डॉक्टरकडेही गेला. डॉक्टर तरुण, बोलायला मोकळा.

"नेमकं कसं होतंय? पातळ, की चिकट? फेस असतो का?"

"डॉक्टर, औषध द्या."

"अहो, सांगितल्याशिवाय कसं देऊ? वास कसा असतो?"

"मी वास घेत न्हाय!" पंढरी एवढ्या जोरात म्हणाला की टेबलावरचं मांजर पळालं.

डॉक्टर हसले. म्हणाले, या जातीत नाजूक पोटं निघतात. औषधापेक्षा खाणं सांभाळा. कातडी काढलेली कोंबडी, भात, थोडा लाल भोपळा, सगळं पाण्यात उकडून. मीठ नाही, हळद नाही, तेल नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्याला विषच. दूध बंद, पाहुण्यांचे लाड बंद. पोट बसलं की मग ते दाणे, पण चिमूट-चिमूट वाढवत.

हे सगळं पंढरीने आक्काला समजावून सांगितलं. आक्का म्हणजे शेटची विधवा थोरली बहीण. बंगल्याची चूल तिच्या हातात. तिने मान हलवली. पाहुण्यांसाठी पंढरीने ओटीवर एक स्टूल टाकला आणि स्वतः राखण करत बसला. बिस्किट काढणाऱ्या हाताकडे तो असा बघायचा की हात परत खिशात जायचा.

तरीही काही फरक नाही. उलट जास्तच. हळद जवळ येत चालली आणि पंढरीच्या गालांची हाडं वर आली.

उलगडा झाला तो फार घाण प्रकारे. पंढरी रुमाल धुवायला म्हणून तोंडावरून सोडून वाकला होता. बादशा प्रेमाने आला, दोन्ही पंजे त्याच्या खांद्यावर टाकले आणि लांब, ओली, कोमट जीभ हनुवटीपासून नाकापर्यंत फिरवली. वाटेत तोंड होतं. ते नेमकं उघडं होतं.

पंढरी मोरीकडे धावला. साबणाने जीभ घासली. ओकला, परत घासली. आणि तोंडात साबणाचा फेस असतानाच थबकला. साबणाच्या मागून एक चव येत होती, ओळखीची. लसूण. चांगली तांबूस परतलेली, घरच्या फोडणीची लसूण. इतके दिवस रुमालातल्या कापराने जे नाकाशी येऊ दिलं नव्हतं, ते बादशाने थेट जिभेवर आणून ठेवलं होतं.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला.

"आक्का, बादशाच्या भाताला फोडणी कोण देतो?"

"मी. दुसरं कोन देनार?"

"डॉक्टरनी न्हाय म्हटलंय! हळद न्हाय, मीठ न्हाय, फोडणी न्हाय..."

"आनि असलं कवा रांधतात, ठाऊक हाय ना तुला?" आक्का पळी घेऊनच वळली. "घरात मयत झाल्यावर! पोराची हळद तोंडावर आलीय, नि मी चुलीवर बिनफोडणीचा टोप चढवू? त्या कुत्र्याच्या ढुंगनापायी?"

पंढरीच्याही घरी सुतकात फोडणी बंद असायची. तरी म्हणाला, "मग माझ्या घरी रांधतो."

"तुझ्या घरात जित्ती मानसं न्हाईत? करिष्माला विचारलंस?"

"मग गोदामात."

"गोदाम बी भावाचाच माझ्या."

बादशा मध्ये येऊन दोघांकडे आळीपाळीने बघत होता. पंढरीचा चेहरा बघून आक्काला दया आली असावी. पळी खाली ठेवून ती म्हणाली, "एक हाय. जित्या मानसानं त्यातला पयला घास खाल्ला, म्हंजे ते मयताचं राहत न्हाय. जेवन होतं."

हा नियम वळ गावाने त्याआधी कधी ऐकला नव्हता. आक्कानेही बहुधा त्याच क्षणी ऐकला.

"मग खा तुम्ही," पंढरी म्हणाला.

"मी माळकरी. तू आनलास, तू खा."

तर असं झालं. आक्का टोप उतरवायची, त्यातली मूठ बादशाच्या ताटलीत पडण्याआधी पंढरीच्या वाटीत पडायची. पांढुरकी कोंबडी, गिळगिळीत भोपळा, अळणी भात. शिजलेल्या फडक्याची चव. चावायचं की गिळायचं हे ठरवण्यातच घास तोंडात गरगरायचा. समोर बादशा, लाळ गळत. हो, आता त्यालाही लाळ सुटायची. आक्का कमरेवर हात ठेवून उभी.

"गीळ. गिळलास? तोंड उघड."

रोज, दोन्ही वेळा. हमालांना कळायचं राहिलं नाही. "पंढरी भाय, आज बादशाने क्या खिलाया?"

पण जिना कोरडा राहू लागला. मग दिवाणखाना. एका सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात पंढरी रुमाल न बांधता उकिडवा बसून जमिनीकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्या गोष्टीकडे तोंड न वळवता पाहिलं. आकार होता.

हळदीच्या संध्याकाळी अंगणात मटणाच्या टोपांची रांग लागली. पंढरीने बादशाची साखळी आपल्या मनगटाला गुंडाळली आणि बेंजो बंद पडेपर्यंत जागचा हलला नाही. कुणी हाड पुढे केलं की तो स्वतःच ते घेऊन खिशात घालायचा. नव्या शर्टाच्या खिशात, रश्श्यासकट. त्याला ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी शेटना त्याने हाताला धरून कोपऱ्यात नेलं.

"बघा."

शेटनी पाहिलं. "सकाळी सकाळी हे दाखवायला आनलंस?"

"नीट बघा, शेट."

शेटनी नीट पाहिलं. "बरा हाय. ऱ्हाऊ दे त्याला हितंच," एवढं म्हणून ते वऱ्हाडाच्या गाड्या बघायला गेले.

त्याच आठवड्यात पंढरी नारळ घेऊन गावदेवीला गेला. देवळाचं सगळं आनंदीबाई बघायची. तिथली रीत अशी, की नवसाचा नारळ वाढवण्याआधी देवीने काय दिलं ते मोठ्याने बोलायचं, चारजणांच्या कानांवर पडेल असं. त्या दिवशी ओटी भरायला गावातल्या बायका आल्या होत्या.

"बोल पंढरी," आनंदीबाईने नारळावर पाणी शिंपडलं. "काय दिलं आईनं?"

पंढरीने बायकांकडे पाहिलं. मग देवीकडे. बायकांत करिष्माची मावशीही होती.

"पुन्हा येतो," तो म्हणाला.

नारळ गोदामाच्या फळीवर आहे. हलवला तर आत खडखडतो. आनंदीबाई रस्त्यात दिसली की हाक मारते, "पंढरी, आईचं ऱ्हायलंय रं!" आणि पंढरी नाकाला रुमाल लावून गाडीचा वेग वाढवतो.