बाईजाच्या हातचे दवबिंदू

उंबरमाळीच्या डोंगरात भाताचं आवण उपटण्यात बाईजाचा हात धरणारं कुणी नव्हतं. मूठभर रोपं निघायची, पण एक मूळ तुटायचं नाही. रोपांचा अर्धा राब तसाच टाकून बाया घराकडे वळल्या की मात्र तिचं डोकं फिरायचं. "ठेवलंय कशाला? पूजेला?" म्हणत ती शेवटची काडीही काढून घ्यायची.

त्याच हाताने ती कॉलेजात वनस्पती शिकवणाऱ्या सरांना दवबिंदू काढून द्यायची. वरच्या कातळावर भादव्यात उगवणारं, बोटभर उंचीचं झाड. पानांवर चिकट थेंब, माशी बसली की मेलीच! सर आधी स्वतः यायचे आणि कागदावर चिकटवून ठेवायला दोनच रोपं न्यायचे. गुडघे गेल्यावर म्हणाले, "बाईजाबाई, आता तुम्हीच आणत जा. पण थोडीच हं, दोन पुरे."

आता पाहुणा 'पुरे' म्हणाला म्हणून कुणी वाढायचं थांबतं का? बाईजा दरसाल सापडतील तेवढी ओंजळीत घालून द्यायची. पुढे सर वारले आणि तिचंही कातळावर जाणं सुटलं.

यंदा त्याच कॉलेजात शिकणारी खर्डीची संघरत्ना दवबिंदू शोधायला आली. दोघींनी सकाळपासून कातळ पालथा घातला, पण एक रोप दिसेल तर शपथ!

"मावशी, जागा चुकली का?"

"माझी जागा चुकंल? येडी का खुळी तू!"

मग संघरत्नाने मोबाईलवर कॉलेजातल्या त्या कागदांचे फोटो दाखवले. वाळलेली रोपं, कोपऱ्यात साल, ठिकाण, आणणाऱ्याचं नाव. सरांच्या कागदांवर दोन-दोनच. बाईजाचं नाव लागलं तिथे एकदम चाळीस. पुढच्या साली सव्वीस. मग नऊ. शेवटच्या कागदावर चार, आणि खाली सरांच्या अक्षरात, 'बाईजाबाई म्हणतात, एवढीच होती.'

संघरत्नाने वाचून दाखवलं आणि बाईजा मटकन खाली बसली.

"मीच गो? मीच संपवली?"

बाईजाने मोबाईल ओढून डोळ्यांजवळ धरला. फोटोत मुळं दिसत होती, केसासारखी बारीक, सगळी अखंड.

"हे बघ, एक पण मूळ तोडलं नाय मी. आवण असंच काढतात, मंग दुसरीकडं लावलं तरी धरतं. ही पण कॉलेजातनं आणून लाव ना परत. जगंल ना गो?"

संघरत्नाला 'नाय' म्हणवेना.