देवीच्या वाफ्यातली खसखस

नीमचकडच्या आमच्या गावात कुणाला झोप येईनाशी झाली की तो वैद्याकडे जात नसे, धापूकाकीकडे जाई. खसखस वाटून दुधात उकळायची, वर किंचित जायफळ, एवढंच तिचं औषध. पण ती खसखस इतक्या पाण्यांतून काढायची की पाणवठ्यावर बायका तिची थट्टा करत.

"काकी, खसखस धुताय की पापं?"

"तुझी धुवायला तर नदी लागेल गं!" असं म्हणून काकी आणखी एकदा पाणी बदलायची. अफूच्या बोंडाचा चीक दाण्याला लागतो, तो गेलाच पाहिजे, हे तिला सासूने शिकवलं होतं.

मी तिची शेजारीण. माझे वडील गेले तेव्हा तिच्याच खसखशीच्या दुधाने माझा डोळा लागला होता, म्हणून तिच्याबद्दल वाकडं बोलणं मला जड जातं.

त्या साली गारपिटीने सगळी अफू आडवी केली. तिचा नवरा भेरूकाका रिकाम्या बांधावर जाऊन बसे, घरी आला की आढ्याकडे बघत पडे. झोप उडाली, डोळे खोल गेले. काकीने धसका घेतला. घरातली खसखस संपली होती. शेतात उभा होता तो विहिरीच्या आडोशाचा कालिकामातेचा वाफा. चीक काढायला बोंडांना पहिला चिरा देताना आम्ही पूजा करतो आणि या वाफ्यातली बोंडं देवीची म्हणून सोडून देतो. त्यांना चिरा पडत नाही, चीक आतल्या आत सुकतो. पोपटांना हे बरोबर कळतं. वाफ्याजवळच्या कडुनिंबाखाली ते पडलेले असायचे, काही झिंगलेले, काही मेलेले. काकीने त्यांना खराट्याने बाजूला सारलं आणि ओटीत बोंडं खुडली.

"काकी, यांतली खसखससुद्धा धुवा हं."

"वेड लागलंय का गं, सूरज? देवीचा प्रसाद धुवून पाणी मोरीत सोडू? पायदळी जाईल तो."

"अहो, ते पोपट बघा की!"

"ते चोर आहेत. चोरून खाल्लं, मेले. मी मागून घेतलंय."

माझं डोकंच फिरलं. मी सरळ आत गेले आणि काकाला म्हटलं, "काका, आज खसखशीचं दूध पिऊ नका."

तो माझ्याकडे बघून कसनुसा हसला. "पोरी, एकदा झोप लागू दे. मग काय व्हायचं ते होवो."

दिवेलागणीला त्याने पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. कितीतरी दिवसांनी नवऱ्याने काही मागून घेतलं, म्हणून काकीने तो काठोकाठ भरला. मी घुटमळत उभी राहिले तर म्हणाली, "दृष्ट लावू नकोस, जा आता."

सकाळी ताक घेऊन गेले. काकीने गाईच्या गळ्यातली घंटा सोडून ठेवली होती, वासरू लांब बांधलं होतं आणि स्वतः काठी घेऊन कुत्री हाकलत दारात बसली होती. चेहरा नुसता उजळलेला.

"हळू गं!" ती कुजबुजली. "काय घोरत होता म्हणून सांगू! पहाटेपासून तर तेही थांबलंय. अगदी गाढ लागलीय बघ."

माझ्या हातातला तांब्या खाली आदळला. तशी ती काठी उगारून माझ्यावर धावली. "मेले, उठवशील ना त्याला!"