माजरीत ऐकू आलेली गोंडी

अहेरीच्या स्टँडवर बाबांनी माझी पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथी सारे हिंदी बोलतेत, बाई. शिकून घेजो." गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माजरीला नांदायला जाताना मी गावाबरोबर जिल्हाही सोडत होते.

बाबा आठवडी बाजारात मीठ-मिरची विकायचे. मोह, चारोळी घेऊन आलेल्या गोंड बायांशी ते गोंडी बोलत, सिरोंच्याकडच्या व्यापाऱ्यांशी तेलुगू आणि घरी आमची झाडीबोली. मी शेजारी बसून तिन्ही उचलल्या. त्या वेगवेगळ्या भाषा आहेत, हे फार उशिरा कळलं.

माजरीत नवरा कोळशाच्या खाणीत. क्वार्टरांच्या रांगेत बिहारचे, आंध्रातले, बिलासपूरचे लोक. ड्यूटी, शिफ्ट, भांडण, सगळं हिंदीत. काही वर्षांत मी माझ्या मुलीलाही हिंदीतच रागावू लागले.

एका दुपारी दवाखान्यातली नर्स घरी आली. "तुम्ही अहेरीकडच्या ना? चला जरा. एका बाईचं काहीच समजत नाही."

रस्त्याच्या कामावर आलेली गोंड बाई होती, तापानं फणफणलेली. तिचा नवरा औषधाला भद्रावतीला गेला होता. ती एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होती आणि नर्स मायेनं विचारत होती, "हां, और? और क्या होता है?"

मलाही "और"च ऐकू आलं. मीही वाकून विचारलं, "और क्या, बाई?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली. तेव्हा कुठं डोक्यात लख्ख झालं. ती "एर" म्हणत होती. पाणी मागत होती.

मी पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला. मग गोंडी आली, पण अडखळत, मध्येच तेलुगू घुसत. कुठं दुखतं, कधीपासून, विचारून मी नर्सला सांगत गेले. संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

उठून बसल्यावर तिनं गोंडीत विचारलं, "तू कुठली?"

मी आधी क्वार्टरांकडे हात केला, मग दुसरीकडे, अहेरीच्या दिशेला. ती हसली. मला हसू आलं नाही.

अहेरीतच राहिलेले लोक आजही मला गाव विचारतात, तेव्हा मी माजरी सांगते. माजरीत कुणी विचारलं तर अहेरी. दोन्हीकडे खरंच सांगते असं वाटतं. मुलगी म्हणते, "आई, एक काय ते सांग ना." मी तिला म्हणते, "थांब, विचार करून राह्यली."