लोटन ऑपरेटरचे कान

धुळ्याच्या त्या थिएटरात लोटन ऑपरेटर मुक्या चित्रांच्या जमान्यापासून होता. तेव्हा पडद्याखाली पेटी-तबलावाले बसत आणि मशीन हातानं फिरवावं लागे. पुढे बोलपट आले, मशीन विजेवर आलं, पण पत्र्याच्या तापलेल्या केबिनमध्ये उभा राहणारा माणूस बदलला नाही. एकोणीसशे सत्तावन्न उजाडलं तेव्हा लोटनची पन्नाशी उलटली होती. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बन-कांड्यांच्या धुरानं डोळे कायमचे लाल झाले होते, आणि मशीनच्या खडखडाटानं कानांचं काय केलं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. घरी कुंदाबाईला तो म्हणे, "तू हळू बोलतेस." ती बिचारी दिवसेंदिवस मोठ्यानं बोलू लागली होती.

चैत्रातल्या एका दुपारी तीनच्या खेळात फिल्म तुटली. लोटननं घाईनं सांधून ती पुन्हा मशीनवर चढवली आणि खेळ पुढे चालू केला. पाच-सात मिनिटं गेली असतील नसतील, तोच यशोदाबाई जिना चढून वर आली. बायकांच्या दाराशी तिकिटं फाडणारी ही विधवा बाई कधी केबिनकडे फिरकत नसे.

"लोटनभाऊ, पडदावरनी बाई तोंड मिटस, मंग तिना आवाज येस!" ती दम खात म्हणाली. "साऱ्या बाया हासी ऱ्हायन्यात. हिरोईन रडी ऱ्हायनी, अन् ह्या हासतस!"

लोटननं तिच्या ओठांकडे नीट पाहिलं, म्हणून कळलं. तो नुसता "हां" म्हणाला.

दोष कुठला ते त्याला तत्काळ उमगलं. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या वीस फ्रेम पुढे छापलेली असते. चित्र वरच्या खिडकीत उजळतं, आवाज खालच्या डबीत वाचला जातो, आणि दोहोंच्या मधे फिल्मचा सैल झोळ सोडावा लागतो. झोळ बरोबर वीस फ्रेमचा बसला तर ओठ आणि शब्द एकत्र येतात. जास्त सुटला तर आवाज मागे रेंगाळतो. इतकी वर्षं लोटन झोळ अंदाजानं सोडी आणि कानानं पारखी. आज अंदाज चार बोटं चुकला होता, आणि पारखायला कान नव्हते.

रीळ संपलं. लोटननं पुढचं रीळ चढवताना झोळ आखडता घेतला. पण किती पुरे? या रिळात नदीकाठी धुणं आपटण्याचा प्रसंग होता. तो आला तसा लोटननं केबिनमधल्या स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात टेकला आणि झरोक्यातून पडद्याकडे टक लावली. कपडा दगडावर पडला, आणि धक्का हाताला थोडा उशिरा लागला. मशीन थांबवून त्यानं झोळ आणखी दोन फ्रेम कमी केला. खाली शिट्ट्या पडल्या असतील; त्याला त्या कळल्या नाहीत. पुन्हा चालू केलं. या वेळी कपडा आपटला, तेव्हाच तळहात थरारला.

त्यानं मशीनच्या कडेला खिळ्यानं खूण ओढली आणि मान वळवली. यशोदाबाई अजून दारातच उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"कमी ऐकू येस का?" तिनं विचारलं.

लोटननं खिळा खिशात टाकला. तिनं कानाला हात लावून पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं मान डोलावली.

"कितला दिन व्हयनात?"

"दोन वरीस."

ती खाली गेली आणि कुणाशी बोलली नाही. आठ दिवस निभले. खुणेप्रमाणे झोळ बसे, ओठ आणि शब्द जुळत. पण लोटनला त्यात सुख नव्हतं. दर रिळाला तो खूण दोन-दोनदा तपासून पाही, आणि रात्री घरी पोचताच न जेवता आडवा होई.

नवव्या दिवशी संध्याकाळच्या खेळात आवाजच गेला. आवाजाच्या यंत्रातला कुठलासा व्हॉल्व्ह उडाला होता. अर्धं रीळ मुकं चाललं, लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते, आणि लोटन कार्बनच्या कांड्या शांतपणे पुढे सरकवत होता. शेवटी यशोदाबाईनं येऊन त्याचा दंड हलवला.

खेळ संपल्यावर तो आपण होऊन मालक मोतीलालशेठच्या खोलीत गेला. "शेठ, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "दुसरा माणूस बघा. मी दमलो."

शेठ चिडलेलाच होता. ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग लोटनला दिसेल अशा बेतानं, सावकाश ओठ हलवत तो म्हणाला, "आधी का नाही सांगितलंत, भाऊ?"

"सांगून काय करणार होतो?"

शेठनं टेबलावरची दौत पुढे ओढली. त्यानं भुसावळच्या एका चित्र-वितरकाला पत्र लिहिलं. गावोगाव फिरून आलेल्या फिल्म तिथे तपासाव्या लागत. फाटलेल्या कडा, उचकटलेले सांधे बोटांनी चाचपून शोधायचे, कापून नीट जोडायचे. त्या कामाला कान लागत नव्हते.

ज्येष्ठात लोटन आणि कुंदाबाई भुसावळला बिऱ्हाड घेऊन गेली. कामाच्या पहिल्या दिवशी वितरकाचा मुकादम टेबलाशी येऊन काहीतरी पुटपुटला. लोटन दोन वर्षांच्या सवयीनं "हां" म्हणणार होता. पण हातातली फिल्म खाली ठेवून तो म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला, दादा. माले कमी ऐकू येस."