आमच्या खेळातला पाण्याचा नियम

नाशिकला कॉलेजात असताना मी एक खेळ शिकले. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी वैद्य. अडचण आली की आपण काय करणार ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे टाकून ठरवायचं. एका परदेशी कंपनीचं जाडजूड पुस्तक होतं, त्यात सगळे नियम. पुढे मी जव्हारला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागले. पुस्तक आणि फाशांची पिशवी माझ्याबरोबर आली आणि बरेच दिवस कपाटात पडून राहिली.

माझ्या शेजारच्या खोलीत दवाखान्यातल्या एक नर्स भाड्याने राहायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणायचे. एकदा त्यांना ते फासे दिसले. "ताई, एवढ्या बाजूंचा फासा? हा लुडोचा तर नाही." मी समजावायला लागले आणि समजावता समजावता खेळ सुरूच झाला. पुढच्या वेळी त्यांनी एसटीत कंडक्टर असलेल्या मावसभावाला, म्हणजे भाऊंना आणलं. भाऊंनी आणलं मोखाड्याकडच्या सूर्यमाळ गावातल्या एका शेतकऱ्याला. ते भाऊंच्याच गाडीने बाजाराला यायचे. "हा बोलायला लागला की गाडीत कोणी डुलकी घेत नाही," एवढीच ओळख भाऊंनी करून दिली. त्यांना मी दादा म्हणू लागले.

भाऊंची ड्युटी नसेल त्या रविवारी दुपारी माझ्या खोलीवर बैठक बसायची. सिस्टर कायम दरोडेखोर व्हायच्या. भाऊ राजा व्हायचे आणि कोणाकडूनही काही फुकट घ्यायचे नाहीत. दादा झाले जंगलातली एक म्हातारी जादूगारीण. त्यांच्या घराकडे बोहाड्याच्या उत्सवातल्या एका सोंगाचा मान आहे. देव-दैत्यांचे मुखवटे घालून नाचतात, त्यातला एक पिढ्यानपिढ्या त्यांच्याच घरातला माणूस चढवतो. त्यामुळे असेल, ते म्हातारीच्या आवाजात बोलायला लागले की समोर मिशीवाला माणूस बसलाय हे आम्ही विसरून जायचो.

पुस्तक इंग्रजीत, म्हणून मी नियम मराठीत लिहून काढले. त्या कंपनीने तेव्हा मोकळी परवानगी दिली होती: आमच्या नियमांवर तुम्ही आपलं काही रचा, वाटा. मी लिहिलेलं नेटवर टाकलं. कुठकुठची मंडळी त्यावर खेळायला लागली.

त्यात एक नियम पुस्तकातला नव्हता. एका उन्हाळ्यात आमची टोळी डोंगरावरच्या किल्ल्याकडे निघाली होती. मी दरवाजाचं वर्णन सुरू करणार, तेवढ्यात दादा म्हणाले, "थांबा. पानी कोनी घेतलंय?"

"पुस्तकात तसं काही नाही, दादा."

"नसंल पुस्तकात. पन चढ चढायचाय ना? आमचे पाड्यावरच्या बाया दोन-दोन हंडे घेऊन चढतात, नि हे तलवारवाले रिकामेच चालले?"

त्या दिवसापासून ठरलं. पाणी कोण उचलणार हे सांगितल्याशिवाय टोळी हलणार नाही, आणि जो पाणी उचलेल त्याच्या हातात हत्यार नसेल. खेळच पालटला. दरोडेखोर सिस्टर आणि राजे भाऊ पाण्यावरून असे भांडायचे की शत्रू बिचारा ताटकळत राहायचा.

मग एक दिवस नेटवर बातमी आली. कंपनी नवी आवृत्ती काढणार होती आणि जुनी परवानगी बदलणार होती. आमच्या नियमांवर काही केलंत तर आम्हाला कळवा, पैसे मिळवलेत तर हिस्सा द्या, आम्ही सांगू तेव्हा बंद करा, अशा तिच्या अटी असल्याचं लोक म्हणत होते. जगभरचे खेळणारे खवळले होते. नोटीस आली तर काय करायचं, या विचाराने मी त्याच संध्याकाळी आमचे नियम नेटवरून काढले.

रविवारी सगळ्यांना सांगितलं.

"म्हणजे आता खेळायचं नाही?" सिस्टरनी विचारलं.

"खेळायला कोण अडवणार? पण लिहून वाटायचं नाही."

"आपल्या गोष्टीत त्यांचं काय आहे?" भाऊ तापले होते. "त्यांनी जव्हार बघितलंय?"

दादा हातातला फासा फिरवत होते. मग म्हणाले, "मुखवटा आमचे घरचा हाय. तो दुसरा कोनी घालत नाय, ते बरोबर. पन आमचा नाच बघून कोनी त्याचे गावाला तसा नाचला, तर त्याला आमी कसं आडवायचं?" पुढे म्हणाले, "त्यांचं त्यांना देऊन टाका, बाई. आपलं आपन करू."

तो सगळा पावसाळा आम्ही त्यात घालवला. कंपनीचे राक्षस काढले, मंत्र काढले, नावं काढली. फासेही काढले. त्यांच्या जागी चिंचोके आले, एका बाजूने घासून पांढरे केलेले. किती पांढरे वर पडले ते मोजायचं. भाऊंनी ते डेपोत सुट्टीच्या वेळात ड्रायव्हरांबरोबर खेळून तपासले. मी लिहिलेल्या प्रत्येक पानावर सिस्टर बोट ठेवायच्या: "ताई, हे माझ्या वॉर्डातल्या बाईला वाचून कळेल का?" कळणार नसेल ते मी पुन्हा लिहायचे. शाळेत कोणी माझी वाक्यं अशी तपासली नव्हती.

दरम्यान कंपनीने माघार घेतली. जुनी परवानगी तशीच राहील, असं तिने जाहीर केलं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा भाऊ म्हणाले, "बरं झालं," आणि चिंचोके घासायला लागले. मागे फिरायचं कोणाच्या मनातच आलं नाही. पुढे नवी आवृत्ती निघाली तेव्हा सिस्टरनी मात्र मागवली. चित्रं छान आहेत म्हणाल्या. त्यांचं कोणाला वाईट वाटलं नाही.

आमचा खेळ आम्ही नेटवर टाकला. पहिल्या पानावर लिहिलं की कोणीही खेळा, बदला, वाटा; कुठून घेतलं तेवढं सांगा.

काही महिन्यांनी कोल्हापूरकडच्या एका मुलीचा फोन आला. ती तिकडे कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींबरोबर खेळायची. आम्ही चौघंही बसलेले होतो, म्हणून मी स्पीकर लावला.

"ताई, खेळ आवडला. फक्त तो पाण्याचा नियम काढला तर चालेल का?"

दादांनी मांडीवरचे चिंचोके खाली ठेवले. "तो नाय काढायचा," ते मला म्हणाले. "तो काढला तर मग आपला काय राहिला?"

भाऊ हळूच म्हणाले, "दादा, कंपनीचंही हेच म्हणणं होतं."

मुलीला तिकडे ऐकू गेलं असावं. ती अडखळत म्हणाली, "तसं नाही, काका. आमचं गाव नदीकाठी आहे. आमच्याकडे पाणी नसतं असं होत नाही, पाणी घरात येतं. टोळीतल्या पोरांना हंड्याचं काही वाटत नाही. मला तिथे पुराचा नियम घालायचाय. घर सोडताना काय उचलायचं आणि काय मागे ठेवायचं, असा."

दादा फोनजवळ सरकले. "किती चढतं पानी?" त्यांनी विचारलं.

ती सांगत गेली. जनावरं आधी सोडावी लागतात, गहू माळ्यावर चढवावा लागतो, म्हातारी माणसं घर सोडायला तयार होत नाहीत. दादा एकेक विचारत गेले. शेवटी म्हणाले, "मग तुमचा पूर घाला. हंडा काढा. आमचे नावानं कोनी भांडनार नाय."

हिवाळ्यात ती चार जणांना घेऊन जव्हारला आली. मी त्यांना गावाबाहेर शिरपामाळ या जुन्या ऐतिहासिक जागी नेलं आणि तिथेच सावलीत आम्ही सगळे खेळायला बसलो, तिच्या नियमांनी. तिने छापून आणलेल्या पानांवर पहिल्याच ओळीत जव्हार-मोखाड्याचं नाव होतं. दादांनी ती ओळ वाचली, पान भाऊंकडे दिलं, भाऊंनी सिस्टरकडे. मी शिक्षिका असूनही ते पान हातात आल्यावर मला दुसरी ओळ वाचता येईना.

पुराने आमची पार दाणादाण उडवली. आम्हा डोंगरातल्या लोकांना पाण्यापासून पळायचं माहीतच नव्हतं. राजेसाहेब खजिना सोडेनात आणि बुडाले. शिरपामाळ बघायला आलेलं एक कुटुंब मागे उभं राहून बघत होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, "हा कुठला खेळ? कुठे मिळतो?"

"आमचा आहे," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "बसा, शिकवते."

दादांनी सरकून जागा करून दिली आणि म्हातारीच्या आवाजात त्या बाईंना विचारलं, की पोरी, तुझ्या गोठ्यात जनावरं किती?