पप्पांचे तीन किलोमीटर

माझे वडील सिद्राम बनसोडे यांनी चौतीस वर्षं सोलापुरात टपाल वाटलं, त्यातली शेवटची अकरा शुक्रवार पेठेत. माणूस साधा, पण छापील गोष्टीवर विश्वास एवढा की कॅलेंडरमध्ये थंडी लिहिली असेल तर ते मे महिन्यातही स्वेटर घालतील. ज्याच्यावर तारीख आणि वेळ उमटली ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असं त्यांचं मत. माझं त्यांच्याशी भांडण होतं ते बहुतेक यावरूनच.

दुसरा नाद पोहण्याचा. ते मूळचे करमाळ्याकडचे, भीमेकाठच्या गावचे. उजनी धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि घरं वर माळावर आली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुढे सोलापुरात नोकरी लागली तरी महिन्यातून एका रविवारी ते एसटीने गावी जाणार, धरणात तास-दोन तास पोहणार आणि संध्याकाळी केळ्यांची फणी घेऊन परत येणार. त्यांच्या पोहण्याला काही नाव नाही. मान वर, तोंड कोरडं आणि हात सतत पाण्याच्या आत. ना आवाज, ना उडणारं पाणी. लांबून बघितलं तर एक डोकं निवांत कुठंतरी कामाला निघालंय असं वाटतं.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली. दरवर्षी सहा डिसेंबरला ते चैत्यभूमीवर जातात. इतकी वर्षं दादरचा समुद्र बघतायत, पण रांगेत उभं राहून.

“एकदा आत शिरून पोहायचंय बग कीर्ते,” ते म्हणाले. “खारं पाणी माणसाला उचलून धरतंय म्हनं.”

मी हे मनावर घेतलं. मी नोकरी करते त्या बँकेजवळच्या पोहण्याच्या तलावावर पृथ्वीराज नावाचा तरुण प्रशिक्षक आहे. तो फेब्रुवारीत काही जणांना मालवणला समुद्रात पोहायला नेणार होता, आणि त्यात साठीच्या वरच्यांचाही गट होता. अट एकच. नदी किंवा धरणात तीन किलोमीटर, दोन तासांच्या आत, आणि त्याची जीपीएस घड्याळातली नोंद जानेवारी संपायच्या आत त्याला पाठवायची. मी दिवाळीत पप्पांना तसलं घड्याळ घेतलं. ते हातात आल्यापासून गल्लीतल्या प्रत्येकाला आपण आज किती पावलं चाललो हे कळायला लागलं, कुणी विचारो न विचारो.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही गावी गेलो. पप्पांचे लहानपणचे मित्र कोंडीबाकाका तिथंच केळी लावतात. पाणी उपसायच्या मोटारी बघायला त्यांची छोटी होडी आहे. त्या होडीत मी बसले, काका वल्हवत होते आणि बाजूने पप्पांचं डोकं चाललं होतं. समोरच्या काठाला हात लावून ते परत आले, बाहेर निघाले आणि घड्याळ माझ्यापुढे धरलं. वेळ एक तास चोपन्न मिनिटं. अंतर सातशे चाळीस मीटर.

मोबाईलवर रेघ बघितली तर पप्पा कोंडीबाकाकांच्या केळीच्या बागेतून पोहत गेले होते. मला हसू आवरेना. पप्पा हसले नाहीत.

“सातशे चाळीस,” ते म्हणाले. “आन मी म्हनत हुतो धरण पार करतोय.”

घरी आल्यावर मी नकाशावर मोजून दाखवलं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दीड किलोमीटरच्या वर भरतं. ते म्हणाले, “तू बोटानं मोजलंस. ह्ये घड्याळानं मोजलंय, वेळ-तारखेसकट.” मी चिडून ताटावरून उठले. ज्या माणसाला मी आत्ताच डोळ्यांनी धरण ओलांडताना पाहिलं, तो माणूस डब्बीएवढ्या यंत्रावर विश्वास ठेवून म्हातारा व्हायला निघाला होता. आणि खरंच झाला. सकाळचा फेरफटका बंद झाला. पावलं सांगणं बंद झालं. घड्याळ टीव्हीच्या वर पडून राहिलं. “वय झालं गं,” एवढंच म्हणायचे. मला त्या घड्याळाचा इतका राग आला की ते उचलून सिद्धेश्वर तलावात टाकावं.

शेवटी पृथ्वीराजला विचारलं. तो म्हणाला, “घड्याळाला वरचं आकाश दिसावं लागतं, ताई. पाण्याखाली त्याला काही कळत नाही. आपण हात बाहेर काढून पोहतो तेव्हा दर हाताला ते आपली जागा टिपतं. काकांचा हात बाहेर येतच नाही. त्यांना नीट पोहायला शिकवा.”

नीट. हा शब्द मी पप्पांना सांगितला नाही. तरी ते चार दिवस तलावावर गेले. हात बाहेर काढायचा तर तोंड पाण्यात घालावं लागतं, आणि ते त्यांना साठ वर्षांत माहीत नव्हतं. नाकातोंडात पाणी, डोळे लाल, आणि समोर दहा वर्षांची पोरं सपासप पुढे जातायत. पाचव्या दिवशी त्यांनी चड्डी धुऊन दोरीवर टाकली आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे. समुद्र काय पळून जात न्हाय.” पण मालवणची ती गाडी निघून जाणार होती, आणि पुढच्या वर्षी हे उठून उभे राहतील याची मला खात्री वाटत नव्हती.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी त्यांना ओढतच गावी नेलं. कोंडीबाकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी विडी विझवली.

“सिद्रामा, नदीपल्याड शाळंला जाताना दप्तर कुटं ठिवत हुतास?”

“डोक्यावर. कापडात बांदून.”

“मग ह्ये काय दप्तरापेक्षा जड हाय व्हय?”

म्हणून पप्पांची मान वर, म्हणून तोंड कोरडं. वह्या भिजू नयेत म्हणून ज्याने पोहणं तसं घडवलं, त्याला आम्ही तलावात नीट पोहायला शिकवत होतो. लाज वाटली मला.

पप्पा अजून अडलेलेच. “घड्याळ मनगटावरच बांदायचं असंल. नियम बग आदी.” मी मोबाईल काढून अख्खा नियम मोठ्याने वाचला. घड्याळ अंगावर हवं, एवढंच लिहिलं होतं. छापलेलं म्हटल्यावर त्यांना पटलं. काकांनी घड्याळ त्यांच्या टाळूवर ठेवून वरून पंचा आवळला.

पप्पा पाण्यात उतरले. समोरचा काठ आला, ते वळले. पावणेदोन तास झाले तेव्हा आपला काठ पुढे दिसत होता. झालं आता, असं मी म्हणतेय तोच पप्पा सरळ यायचे सोडून जागीच गोल फिरायला लागले. एक फेरा. मग दुसरा.

“पप्पा, वेळ जातोय,” मी ओरडले. “काका, त्यांच्या पायात गोळा आलाय का? होडी जवळ घ्या.”

काकांनी होडी जवळ घेतली नाही. वल्हं उचलून मांडीवर ठेवलं.

“फिरू दे त्येला,” ते म्हणाले. “जुन्या गावची इहीर हाय हितं खाली. उन्हाळ्यात पानी हटलं की कठडा दिसतोय. आमी समदी पोरं तितं उड्या मारायचो. तुमच्या वस्तीतल्यांना जवळ येऊ देत नव्हते. ह्यो लांब बांदावर बसून आमची कापडं राखायचा.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “माजीबी.”

तिसरा फेरा संपवून पप्पा काठाकडे निघाले. पंचा सोडला तेव्हा घड्याळात तीन किलोमीटर दोनशे मीटर होते, आणि एक तास अठ्ठावन्न मिनिटं. पप्पांनी तो आकडा दोनदा वाचला, तारखेसकट. त्यांचा चेहरा बघून मला रडू आलं, आणि ते लपवायला मी त्यांच्यावरच खेकसले की डोकं पुसा.

कोंडीबाकाकांच्या अंगणात भाकरी खाताना मी नोंद पाठवून दिली. दहा मिनिटांत पृथ्वीराजचा फोन आला.

“जबरदस्त, ताई. जाताना-येताना पट्टीने ओढल्यासारखी रेघ आलीय. फक्त शेवटी घड्याळ पुन्हा गंडलंय, एकाच जागी तीन गोल दिसतायत. तेवढा भाग मी कापून टाकू का? अंतर पुरेसं आहे, वेळही कमी दिसेल.”

मी पप्पांना विचारलं. त्यांनी भाकरीचा घास मोडला, चटणीला लावला.

“त्येला म्हनावं, बाकीचं काप पायजे तर,” ते म्हणाले. “तेवढं ठिव.”