तिसरं कपाट, दुसरी फळी

मगदूम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरी, लोणंदला होते. आमच्या शिराळ्याच्या शाळेचे ते ग्रंथपाल. निवृत्तीला चार महिने उरले होते. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं शिपाई सांगत होता आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं... त्यांची माफी मागायची राहून गेली.

आमचं वैर पुस्तकांच्या जागेवरून. सरांची पुस्तकं दशांश वर्गीकरणानं, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेल्या आकड्यांनी लावलेली. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिठ्ठी, आणि पुस्तक जिथून काढलं तिथंच परत गेलं पाहिजे हा दंडक. नोंदवहीतसुद्धा मुलांनीच लिहायचं. मला तो सरांचा आळस वाटे. मी मराठी शिकवते. भुताची गोष्ट मागणाऱ्या मुलीला आकडे कशाला कळायला हवेत, हा माझा हेका. दिवाळीच्या सुट्टीत सर गावी गेले आणि मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी चारही कपाटं उपसली. भुताखेतांची एक फळी, हसवणाऱ्या गोष्टींची एक, मग धाडसाची, प्रवासाची, प्राण्यापक्ष्यांची... आकड्यांच्या चिठ्ठ्यांवर रंगीत कागद डकवले. फार मोठं काम केल्याच्या तोऱ्यात होते मी.

सुट्टीनंतर सर आले, कपाटांसमोर उभे राहिले. पुढे चार दिवस ते कुणाला पुस्तक देईनात, उद्या या म्हणून परत पाठवायचे. मी शिक्षकांच्या सभेत सगळ्यांदेखत सांगून टाकलं, सर मुद्दाम अडवणूक करताहेत.

त्याच आठवड्यात तपासणी लागली. साहेबांनी सहज म्हणून मधमाश्यांवरचं पुस्तक मागितलं. सर न अडखळता तिसऱ्या कपाटाकडे गेले, दुसऱ्या फळीवर डावीकडून बोटांनी मोजत एक पुस्तक काढलं आणि अदबीनं पुढे धरलं. मुखपृष्ठावर पिंजारलेल्या केसांची हडळ होती. साहेब हसले. "ग्रंथपाल तुम्हीच ना?"

सर पुस्तक धरून तसेच उभे. ती मोजणारी बोटं मी पाहिली होती. साहेबांना उद्या या म्हणता येत नव्हतं, म्हणून ते जुनी जागा मोजत होते. पुस्तकं मी हलवलीत, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते आणि मी खाली मान घातली. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

साहेब गेल्यावर सरांनी दार लोटून घेतलं. "बाई, साखरेनं डोळं खाल्लं माझं. मोठी अक्षरं बी दिसत न्हाईत. कुणाला बोलू नका. वरीसभर राहिलंय, तेवढं मानानं जाऊ द्या."

मी म्हणाले, आजच सगळं पहिल्यासारखं लावून देते. त्यांनी हातानंच थांबवलं.

"नको. पोरी यायला लागल्यात आता. राहू द्या तसंच."

मी कुणाला सांगितलं नाही, पण सभेतलं बोलणंही मागे घेतलं नाही. कुणी पुस्तक मागायला गेलं की माझा जीव टांगणीला लागायचा. महिनाभर सर मधल्या सुट्टीत आतून कडी लावून बसत. नंतर मात्र पूर्वीसारखं झटक्यात पुस्तक काढून देऊ लागले. कसं, ते मी विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं.

आता वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आहे. परवा फळ्या पुसताना एका फळीच्या कडेखाली बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. वाकून पाहिलं तर छोट्या खिळ्याला बांधलेली सुतळी, तिला एक गाठ. भुतांची फळी. हसवणाऱ्यांच्या फळीखाली दोन गाठी, धाडसाला तीन... वर्षानुवर्षं हाताळलेली पुस्तकं चाचपून ओळखत माझी सगळी मांडणी सरांनी गाठींनी पाठ केली होती.

मी डोळे मिटले. चाचपडत प्राण्यापक्ष्यांच्या फळीची, पाच गाठींची सुतळी शोधली आणि त्या फळीवरचं डावीकडचं पहिलं पुस्तक काढलं. मधमाश्यांचं निघालं. मी ते ओळीत मधेच कुठंतरी खोचलं होतं. पहिल्या जागी ते सरांनी आणून ठेवलं होतं.